येणार किती, ते सांगा!



तुळशीचे लग्न उरकले की अहिल्यानगर जिल्ह्यात गावोगाव मांडव पडतात. पत्रिका घेणारा हात जोडून ‘येतो की’ म्हणतो. किती जण येणार, हे तो सांगत नाही आणि विचारायची हिंमत मुलीच्या बापाला होत नाही. आता पत्रिका मोबाईलवर येते आणि उत्तरादाखल जोडलेल्या हातांचे चित्र जाते. त्याचा अर्थ ‘येतो’ की ‘माफ करा’, हे बापाने ओळखायचे!

मग तो काय करतो? जेवण कमी पडले तर जन्माची नाचक्की, या धास्तीने हजाराच्या जागी तेराशे पाने सांगतो. हिशोब मांडू. ३०० पाने उरली आणि पान १५० रुपयांना धरले, तर ४५ हजार रुपये उकिरड्यावर गेले. कांदा १० रुपये किलोने विकला, तर हा ४५ क्विंटल कांदा झाला. त्यातून बियाणे, खत, मजुरी, भाडे अजून वजा केलेले नाही.

अंदाज उलटा चुकला तर? शेवटच्या पंगतीला बसतात त्या दिवसभर राबलेल्या घरच्या बायका. त्यांच्या पानात भाताची खरवड येते.

काही जण म्हणतील, ही शहरी थेरं आहेत. आपल्याकडे दार सर्वांना उघडे. आम्ही शेतीशास्त्र शिकलो, एकरी बियाणे मोजून पेरा म्हणत गावोगाव फिरलो. मोजणी शेतकऱ्याला परकी नाही. ऊस लावला की आपण कारखान्याकडे नोंद करतो. तारीख, जात, क्षेत्र सांगतो, कारण त्यावर तोडीचा कार्यक्रम ठरतो. कालव्याचे पाणी हवे, तर मुदतीत सात नंबरचा अर्ज भरतो. कारखान्याला आणि पाटबंधारे खात्याला वेळेत कळवणारे आपण, सोयऱ्याला कळवतानाच मुके का होतो?

जुन्या रीतीतही हिशोब होता. ‘चूलबंद आवतन’ म्हणजे त्या दिवशी घरची चूल पेटवायची नाही, सगळ्यांनी जेवायला यायचे. घरटी एका माणसाचे आवतन वेगळे. सांगणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला, दोघांनाही आकडा ठाऊक असे. ‘हेच आग्रहाचे निमंत्रण समजावे’ असे छापून आपणच तो आकडा पुसला.

पुढाऱ्यांची तऱ्हा आणखी निराळी. पत्रिकेवर नाव मोठ्या अक्षरात, पण येणार की नाही ते कोणीच सांगत नाही. त्यांच्या वाटेकडे डोळे लावून मुहूर्त टळतो आणि मंडळी उपाशी ताटकळतात. आले, तर सोबत वीस माणसे!

२०२० साली टाळेबंदीत लग्नाला ५० माणसांची मर्यादा आली. तेव्हा कोणत्या घरातून कोण येणार, हे नावानिशी ठरले. म्हणजे हे आपल्याला जमते. २०२५ साली आपल्याच जिल्ह्यात मराठा समाजाच्या बैठकीत लग्नाची आचारसंहिता ठरली : मोजके पाहुणे, डीजे नको, लग्न वेळेवर. चांगलेच झाले. पण पाहुणा बोलला नाही, तर मोजके म्हणजे किती, हे यजमानाला कळणार कसे?

म्हणून जिल्हा बैठकीपुढे आम्ही तीन गोष्टी ठेवतो.

१. पत्रिकेवर छापा : ‘किती जण येणार, ते आठ दिवस आधी कळवावे’, आणि खाली फोन नंबर.

२. पत्रिका मिळाल्यापासून दोन दिवसांत आपण आकडा सांगायचा. बेत बदलला, तर तेही लगेच कळवायचे. ‘जमणार नाही’ म्हणण्यात अपमान नाही, मौनात आहे.

३. पुढाऱ्यासाठी मुहूर्त थांबवायचा नाही.

मुलीच्या लग्नासाठी काढलेले कर्ज बाप एकटा फेडतो. उरलेल्या पानांचे व्याजही त्यातच असते. घामाचे दाम मागणाऱ्यांनी दुसऱ्याच्या घामाची माती करू नये. तुमच्या घरात आज एखादी पत्रिका पडली असेल, तर ही बैठक संपताच पहिला फोन तिथे करा!