आधी चिखलात लोळा, मग फोटोशॉप उघडा!

‘हा फोटो ओरिजिनल आहे की फोटोशॉप केलाय?’ हा प्रश्न मला आता व्हायवाच्या पहिल्या प्रश्नासारखा पाठ झालाय. विचारणाऱ्याच्या मते ओरिजिनल म्हणजे सोवळ्यातला आणि सुधारलेला म्हणजे ओवळा. मला हे पटत नाही. फोटो सुधारायलाच हवा. वाद आहे तो कुठे सुधारायचा आणि कुठे हात आवरायचा, यावर.

मी बोलतेय ते किनाऱ्यावरच्या पक्ष्यांबद्दल. अलिबागजवळ आक्षीच्या वाळूवर हिवाळ्यात चिखल्या आणि तुतारी पळताना दिसतात, शिवडीच्या चिखलात गॉडविट, भिगवणला उजनीच्या पाण्यात लाल पायांचे शेकाट्ये. फ्लेमिंगोचं ग्लॅमर यांना नाही. बहुतेकांचे रंग चिखलाचेच. त्यामुळे उभ्या उभ्या क्लिक केलं की एक तपकिरी ठिपका आणि मागे तेवढीच तपकिरी वाळू! मग रात्री रूमवर येऊन त्या ठिपक्याला शार्पनिंगचे डोस...

अरे, आपण इंजिनिअरिंगवाले ना? साधी भूमिती बघा. चिखल्याचं डोकं जमिनीपासून साधारण १५ सेंटिमीटरवर. तुम्ही १५ मीटर लांब उभे, कॅमेरा दीड मीटर उंचीवर. लेन्समधून त्याच्या डोक्यावरून जाणारी रेषा त्याच्या मागे जेमतेम पावणेदोन मीटरवर वाळूला टेकते. म्हणजे बॅकग्राउंड पाठीला चिकटलेलं, दगड-शिंपल्यांसकट सगळं फोकसमध्ये. आता पालथे पडा आणि लेन्स २० सेंटिमीटरवर आणा. तीच रेषा ४५ मीटर मागे जाऊन टेकते! मागची वाळू विरघळून मऊ पडदा होते आणि पक्षी सुटा उठून दिसतो. हे काम कुठलंही सॉफ्टवेअर इतकं नीट करत नाही, आणि खर्च फक्त एका जीन्सचा. (आमच्या हॉस्टेलच्या धोबीकाकांचं यावर वेगळं मत आहे.)

दुसरी सुधारणा वेळेची. कोकणात जुना हिशेब आहे : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला सहाच्या सुमारास, चतुर्थीला तीनच्या. त्यानंतर सहा-साडेसहा तासांनी ओहोटी. भरती चढायला लागली की पाणी पक्ष्यांना किनाऱ्याकडे ढकलत आणतं. आधीच जाऊन गुपचूप पडून राहिलं तर तुतारी स्वतःच चरत चरत जवळ येते. पाठलाग करणाऱ्याला ती कधीच मिळत नाही. आणि दुपारी बारा वाजता जाऊ नका. तापलेल्या वाळूवरची हवा थरथरते, लांब लेन्समध्ये पिसं वितळल्यासारखी दिसतात आणि त्यावर नंतर काही इलाज नाही.

कॅमेऱ्यात रॉ फाइल ठेवा. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या, १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. शेकाट्याचं पोट पांढरंशुभ्र, पाठ काळी. पोट एकदा २५५ ला आपटलं की तिथली पिसं गेली, ती परत आणायला तिथे डेटाच नाही. म्हणून एक्स्पोजर पांढऱ्याला सांभाळून ठेवायचं आणि काळा भाग नंतर उजळायचा. हे उजळणं, कॉन्ट्रास्ट, क्रॉप, थोडं शार्पनिंग यात लबाडी काहीच नाही. फिल्मच्या जमान्यातही डार्करूममध्ये हेच चालायचं. अनशार्प मास्क हे नावसुद्धा तिथलंच.

लबाडी पुढे सुरू होते.

गेल्या वर्षीच्या एका प्रदर्शनात बक्षीस मिळालेला फोटो आठवतोय. आरशासारखा चिखल, त्यात एक गॉडविट. मूळ फाइल मी पाहिली होती. पक्ष्याच्या मागे थर्माकोलचा तुकडा आणि दुधाच्या दोन पिशव्या होत्या. दोन क्लिकमध्ये खाडी स्वच्छ! काढणाऱ्याचं म्हणणं, ‘डिस्ट्रॅक्टिंग होतं यार.’ मान्य, डिस्ट्रॅक्टिंग होतं. पण त्या गॉडविटला त्याच कचऱ्यातून चोच घालून किडे शोधावे लागतात, आणि फोटो बघणाऱ्या दोनशे जणांना वाटलं की खाडीचं छान चाललंय.

आता तर एआय डीनॉइज आलंय. नॉइज कमी करतं, पण जिथे माहिती नाही तिथे अंदाजाने पिसं काढूनही देतं. मोठा सँड प्लोव्हर आणि त्याचा लहान भाऊ यांत फरक चोचीच्या काही मिलिमीटरचा. बीएनएचएस वर्षानुवर्षं या पक्ष्यांच्या पायात कडी आणि रंगीत फ्लॅग अडकवतेय. त्यावरची अक्षरं फोटोत वाचता आली तर तो पक्षी कुठून आला ते कळतं. सॉफ्टवेअरने स्वतःच्या मनाने बी चा आठ केला तर? आणि फ्लॅग ‘नॅचरल दिसत नाही’ म्हणून पुसून टाकणारेही आहेत, देवा!

याहून मला राग येतो तो उडवण्याचा. भिगवणला होडीत बसून ‘काका, जरा उडवा ना थवा’ म्हणणारे आपल्यातलेच असतात. २०२२ मध्ये पाच महिन्यांचं एक बार-टेल्ड गॉडविट अलास्काहून टास्मानियाला न थांबता गेलं : ११ दिवस, सुमारे १३,५६० किलोमीटर, वाटेत दाणा नाही की पाणी नाही. सगळा प्रवास अंगातल्या चरबीवर. आपल्याकडचे पक्षी मार्च-एप्रिलमध्ये उत्तरेकडे निघण्याआधी तेच इंधन भरत असतात. आपण एका फ्रेमसाठी थवा उठवतो तेव्हा त्यांच्या टाकीतलं इंधन जाळतो. टाकी भरायला मिळणारे ओहोटीचे तासही मोजकेच, सबमिशनच्या आधीच्या रात्रीसारखे.

तेव्हा फोटोग्राफी क्लबला आणि सरांना माझी मागणी सरळ आहे. यंदाच्या स्पर्धेत वन्यजीव विभागासाठी रॉ फाइल सोबत घ्या. काय पुसलं, काय जोडलं ते स्पर्धकाकडून लिहून घ्या. पुसलेलं असेल तर तो फोटो वेगळ्या विभागात लावा, ‘डिजिटल आर्ट’ म्हणा, तिथे हवी ती करामत करू द्या. आणि उडत्या थव्याच्या फोटोला परीक्षकांनी एक प्रश्न विचारावा : हे कशामुळे उडाले? ससाणा आला असेल तर उत्तमच.

फॉर्मवर जागा आहे. मी बघितलंय, ‘ब्रँच’ आणि ‘रोल नंबर’च्या खाली चार ओळी कोऱ्याच सोडलेल्या असतात.