आधी थकीत ताळेबंद मागवा

प्रति,
सन्माननीय अध्यक्ष व सदस्य,
सार्वजनिक उपक्रम समिती,
महाराष्ट्र विधिमंडळ, विधान भवन, मुंबई



राज्याच्या कंपन्या आणि महामंडळं यांच्यावर विधिमंडळाच्या वतीनं नजर ठेवायचं काम आपल्या समितीकडे आहे. मी एका महामंडळाच्या लेखा शाखेतून निवृत्त झालो. महामंडळाचं नाव लिहीत नाही, कारण जे सांगायचं आहे ते त्या एकट्यापुरतं नाही. आपल्याकडून प्रश्नावली आली की तिची उत्तरं लिहिणारे आम्ही असायचो. साक्षीच्या दिवशी सचिव आणि व्यवस्थापकीय संचालक आपल्यासमोर बसायचे, आणि आम्ही फायली घेऊन मागच्या खुर्च्यांवर. त्या खुर्चीवरून जे दिसलं त्याची तक्रार एकच आहे. जे उपक्रम हिशेब देतात त्यांना आपण धारेवर धरता. जे देतच नाहीत ते निवांत असतात.

कायदा याबाबत अगदी स्पष्ट आहे. आर्थिक वर्ष 31 मार्चला संपतं. 2013 च्या कंपनी कायद्याप्रमाणे सप्टेंबरअखेर वार्षिक सर्वसाधारण सभा व्हायला हवी आणि तिच्यापुढे लेखापरीक्षण झालेला ताळेबंद यायला हवा. पुढच्या तीन महिन्यांत वार्षिक अहवाल तयार करून, लेखापरीक्षकाचा अहवाल आणि भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक, म्हणजे कॅग, यांचे अभिप्राय जोडून तो विधिमंडळाच्या पटलावर ठेवायचा असतो. सरकारी कंपनीचा लेखापरीक्षकही कंपनीनं नेमायचा नसतो, तो कॅग नेमतं आणि त्याच्या कामावर स्वतःची पूरक तपासणी करतं. इतकी तजवीज खासगी कंपनीच्या भागधारकाच्या वाट्याला येत नाही.

तरीही कॅगचे राज्याबद्दलचे अहवाल काढून पाहा. थकीत लेख्यांचं प्रकरण वर्षानुवर्षं त्यात हजर असतं. कुणाचं एखाद्या वर्षाचं राहिलेलं, कुणाची कित्येक वर्षं तुंबलेली. त्याच्या जोडीला आणखी एक माहिती असते: हिशेब न दिलेल्या याच उपक्रमांना राज्यानं त्या काळात भागभांडवल, कर्ज किंवा अनुदान म्हणून किती पैसे दिले. म्हणजे मागचे पैसे कुठे गेले ते ठाऊक नसताना पुढचे दिले. अर्थसंकल्प मंजूर करणारं सभागृह आपलंच आहे, म्हणून हे पत्र अर्थ खात्याला न लिहिता आपल्याला लिहितो आहे.

लेखे थकतात कसे, हे जरा जवळून सांगतो. बाहेरच्या माणसाला वाटतं, कुणीतरी पैसे खाल्ले असणार. तसं असतंही कधी. पण बहुतेक वेळा कारण फार रटाळ असतं आणि म्हणूनच ते कुणी विचारत नाही. कर्ज वाटणाऱ्या महामंडळाचं जिल्हा कार्यालय डोळ्यांसमोर आणा. सरकारी इमारतीतली एक खोली. एक जिल्हा व्यवस्थापक, त्याच्याकडे शेजारच्या जिल्ह्याचाही अतिरिक्त कार्यभार. एक लिपिक, तोही कंत्राटी. कर्ज दिलेलं असतं म्हशीसाठी, शिलाई मशीनसाठी, किराणा दुकानासाठी. एखादी बाई हप्ता भरायला येते, पावती फाडली जाते, पण ती रक्कम तिच्या कर्जखात्यावर चढवायची राहते. कुणी परस्पर बँकेत भरणा करतो आणि चलनावर खाते क्रमांकच नसतो. वर्षअखेरीला मुख्यालयाच्या खतावणीत येणं कर्ज एक दिसतं आणि जिल्ह्यांच्या याद्यांची बेरीज दुसरीच येते. फरक जातो उचंत खात्यात, म्हणजे मेळ न लागलेल्या रकमांच्या तात्पुरत्या खात्यात. पुढच्या वर्षी त्यात भर. काही वर्षांनी उचंत खातं इतकं फुगतं की सनदी लेखापाल सही करायला कचरतो, आणि जुन्या पावतीपुस्तकांची कपाटं कुठल्या जिल्ह्यात आहेत हे माहीत असलेला माणूस तोवर निवृत्त झालेला असतो.

व्यवस्थापकीय संचालक प्रतिनियुक्तीवर आलेला असतो. त्याच्याकडे आणखी कुठलातरी कार्यभार असतो आणि सगळी भानगड समजेपर्यंत त्याची बदली होते. नवा येतो तो म्हणतो, माझ्या आधीच्या वर्षांवर मी का सही करू? त्याचंही अगदीच चुकत नाही. पण एका वर्षाची अखेरची शिल्लक पक्की झाल्याशिवाय पुढच्या वर्षाची आरंभीची शिल्लक धरता येत नाही. एक वर्ष अडलं की पुढचं सगळं अडतं.

अशा महामंडळाला आपण साक्षीला बोलावलंत तरी विचाराल काय? तोटा किती, वसुली किती टक्के, बुडीत कर्ज किती, सगळ्याला एकच उत्तर: "लेखे अंतिम करण्याची कार्यवाही सुरू आहे." हे वाक्य मी स्वतः कितीदा टंकलिखित करून दिलं असेल. साहजिकच आपली समिती कॅगच्या अहवालातल्या परिच्छेदांकडे वळते आणि ते परिच्छेद मुख्यतः ज्यांचे कागद जागेवर आहेत त्यांचे असतात. ज्यानं उत्तरपत्रिकाच दिली नाही त्याला नापासही करता येत नाही, तसं हे चाललं आहे.

एसटीचंच घ्या. एसटीचं लेखापरीक्षण खुद्द कॅग करतं. जून 2025 मध्ये परिवहन मंत्र्यांनी श्वेतपत्रिका काढली आणि साचलेला तोटा दहा हजार कोटींच्या वर गेल्याचं सांगितलं. त्यावर वर्तमानपत्रांत अग्रलेख आले, वाहिन्यांवर चर्चा झाल्या. व्हायलाच हव्यात. पण एसटीला झोडपणं सोपं आहे, कारण तिच्याकडे झोडपायला आकडा आहे. या आकड्याबद्दल एक विनंती करतो. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट 2022 पासून मोफत प्रवास आणि महिलांना मार्च 2023 पासून अर्ध्या तिकिटात प्रवास, हे निर्णय एसटीच्या आगार व्यवस्थापकानं घेतलेले नाहीत. ते शासनाचे आहेत, चांगले आहेत, आणि त्यांची भरपाई शासनानं एसटीला द्यायची असते. यात समितीनं कुठवर शिरायचं, हा प्रश्न येतो. लोकसभेच्या नियमांनी तिथल्या सार्वजनिक उपक्रम समितीला शासनाच्या मोठ्या धोरणापासून आणि उपक्रमाच्या दैनंदिन कारभारापासून दूर ठेवलं आहे. राज्यांतल्या समित्यांची घडणही त्याच साच्यातली. ही मर्यादा मला पटते. प्रत्येक बसफेरीत आमदारांनी लक्ष घालू नये. पण तोट्यातला किती भाग धोरणाचा, किती उशिरा मिळालेल्या भरपाईचा आणि किती खरोखर व्यवस्थापनाच्या ढिलाईचा, हे वेगळं काढणं म्हणजे धोरणात ढवळाढवळ नव्हे. ते आपणच करू शकता. बाकी सगळे एसटी कर्मचाऱ्याकडे बोट दाखवून मोकळे होतात.

आता थोडं अवघड बोलतो. महामंडळाचं अध्यक्षपद आपल्याकडे कसं मिळतं हे आपल्याला मी सांगावं असं नाही. मंत्रिमंडळात जागा हुकली, उमेदवारी नाकारली, दुसऱ्या पक्षातून आला, की त्याची महामंडळावर सोय लावली जाते. वर्तमानपत्रं उघडपणे "महामंडळांचं वाटप" असा मथळा देतात आणि त्यात कुणाला काही खटकत नाही. 2024 च्या विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर समाजासमाजांच्या नावांनी नवी महामंडळं जाहीर झाली. त्या समाजातल्या तरुणांना भांडवल मिळावं याला माझा विरोध नाही. पण जुन्यांची पुस्तकं जुळत नसताना नव्यांच्या पहिल्या ताळेबंदाची तारीख कुणी विचारली का?

लोकशाहीर अण्णाभाऊ साठे यांच्या नावाच्या महामंडळात काय झालं ते आपल्या सभागृहाला चांगलं ठाऊक आहे. तीनशे कोटींहून अधिक रकमेच्या अपहाराचा आरोप झाला. 2015 साली माजी अध्यक्षांना अटक झाली तेव्हा ते विधानसभेचे सदस्य होते. न्यायालयात ठरायचं ते ठरेल. माझा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. मातंग समाजातल्या गरिबांसाठी ठेवलेल्या पैशाबद्दलची पहिली शंका पोलीस ठाण्याआधी कुठल्यातरी साक्षीत निघायला हवी होती. दर सप्टेंबरात ताळेबंद येत असता तर ती निघण्याची काही शक्यता तरी होती.

या समित्यांचा जन्म कशातून झाला, तेही इथं आठवावं. डिसेंबर 1957 मध्ये खासदार फिरोज गांधींनी लोकसभेत आयुर्विमा महामंडळाचं मुंदडा प्रकरण काढलं. महामंडळाला जेमतेम वर्ष झालं होतं, आणि सव्वा कोटीच्या आसपास रुपये मुंदडा या उद्योगपतीच्या डळमळीत कंपन्यांच्या शेअर्समध्ये घातले गेले होते. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश छागला यांनी मुंबईत चौकशी केली, उघडपणे, लोकांसमोर. अर्थमंत्री आणि सचिव यांची साक्ष गर्दीनं ऐकली. महिन्याभरात अहवाल आला आणि फेब्रुवारी 1958 मध्ये कृष्णम्माचारींनी अर्थमंत्रिपद सोडलं. सरकारी उपक्रमांवर संसदेची स्वतंत्र समिती हवी ही मागणी आधीपासून होती, या प्रकरणानं तिला धार आली. कृष्ण मेनन समितीनं तशी शिफारस केली आणि 1964 मध्ये संसदेची समिती उभी राहिली. गंमत अशी, की ज्या चौकशीनं हे सगळं हललं ती लोकांसमोर झाली, आणि तिच्यातून निघालेल्या समितीच्या बैठका मात्र बंद दाराआड होतात. ब्रिटनच्या संसदेत अशा समित्यांसमोरच्या बहुतेक साक्षी घरबसल्या पाहता येतात. आपल्याकडे अहवाल आला तरच साक्षीत काय झालं ते कळतं.

बंद दाराचा एक तोटा समित्यांनाच होतो. बाहेरच्यांना दिसतो तो फक्त दौरा. दौरा लागला की जिल्ह्यात काय धांदल उडते ते मी पाहिलं आहे: विश्रामगृहाच्या खोल्या, गाड्या, जेवणाचा बेत, "साहेबांना काय चालतं" याची चौकशी, आणि या सगळ्याचा खर्च कुठल्या शीर्षाखाली टाकायचा यावर लेखा शाखेत कुजबुज. मे 2025 मध्ये विधिमंडळाच्या अंदाज समितीचा दौरा चालू असताना धुळ्याच्या सरकारी विश्रामगृहातल्या एका खोलीत एक कोटी ऐंशी लाखांहून अधिक रोकड सापडली. ती समिती आपली नव्हे. पैसे कुणाचे आणि कशासाठी, हे तपासानं सांगायचं. पण गावातल्या माणसाला अंदाज समिती आणि उपक्रम समिती यांतला फरक कळत नाही, त्याच्या लेखी सगळ्या समित्या एकच. दौऱ्यात होणाऱ्या साक्षी तरी उघड ठेवल्यात तर असल्या कुजबुजीला निम्मी जागा उरणार नाही.

कॅगचे अहवाल अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी पटलावर ठेवायची जी रीत पडली आहे तिच्याबद्दल थोडक्यातच लिहितो, कारण यावर अनेकांनी लिहून झालं आहे. सकाळी अहवाल, दुपारी राष्ट्रगीत, संध्याकाळी सगळे गावी. अधिवेशनाच्या पहिल्या आठवड्यात अहवाल ठेवा, असं आपण सरकारला आपल्या अहवालातून सुनावू शकता.

मुख्य मागणी ही. नव्या वर्षाच्या कामाला लागताना आपल्या पहिल्या काही बैठका फक्त थकीत लेख्यांवर घ्या. उपक्रमाच्या व्यवस्थापकीय संचालकाला बोलावू नका, तो नवा असेल आणि तेच सांगेल. ज्या खात्याच्या अखत्यारीत तो उपक्रम आहे त्याच्या सचिवांना बोलवा, सोबत वित्त विभागाच्या सचिवांना. पहिल्यांना विचारा, शेवटचा मंजूर ताळेबंद कुठल्या वर्षाचा आणि पुढचा कुठे अडला. दुसऱ्यांना विचारा, तरी पैसे का दिलेत. कारण उचंत खातं असेल तर जिल्ह्यांतल्या पावतीपुस्तकांचा मेळ घालायला ठरावीक मुदतीची माणसं द्यायला सांगा, कारण ते काम खरोखर हातानंच करावं लागतं. बंद पडलेल्या आणि नावापुरत्या उरलेल्या कंपन्या असतील तर त्या कायदेशीररीत्या गुंडाळा म्हणून सांगा. ठरावीक वर्षांहून जास्त थकबाकी असलेल्या उपक्रमाला नवं भागभांडवल देऊ नये, अशी शिफारस करा. लाभार्थ्यांचं कर्जवाटप यात अडकू नये, त्यापुरता पैसा खात्यानं थेट द्यावा. शिक्षा ढिसाळ कारभाराला व्हायला हवी, कर्जाची वाट पाहणाऱ्याला नव्हे.

आणखी एक. मंत्र्यांना संसदेच्या उपक्रम समितीचं सदस्य होता येत नाही. तोच विचार पुढे नेऊन ज्या सदस्याकडे कुठल्याही महामंडळाचं अध्यक्षपद आहे त्यानं आपल्या समितीत बसू नये. याला कायदा लागत नाही, समितीनं ठरवलं तरी पुरे.

हे सगळं कुठून सुरू करायचं, असा प्रश्न कार्यालय आपल्याला विचारील, आणि माहिती मागवण्यासाठी सर्व विभागांना पत्र धाडायचा मसुदाही पुढे करील. ते पत्र पाठवू नका. उत्तरं यायला वर्ष जाईल. उपक्रमांची नावं आणि थकलेली वर्षं कॅगच्या अहवालात आधीच छापलेली आहेत. तो अहवाल आपल्या ग्रंथालयात आहे.

आपला,
एक निवृत्त लेखापाल