खात्यात बसून भाषा शिकलेले मंत्री

भाषेचे खाते सांभाळणाऱ्या मंत्र्याला ती भाषा यायला हवी की नाही? कोणी म्हणेल, हा काय प्रश्न झाला! पण आयर्लंडमध्ये २०१४ साली तो गंभीरपणे विचारला गेला, आणि त्याला निमित्त झाले जो मॅकह्यू.

मॅकह्यू वायव्येकडील डोनेगॉल परगण्याचे, पूर्वीचे शिक्षक. २००२ मध्ये ते तिथल्या वरिष्ठ सभागृहात गेले, २००७ मध्ये 'डॉल'मध्ये, म्हणजे लोकसभेत. जुलै २०१४ मध्ये पंतप्रधान एंडा केनी यांनी त्यांना गेलटाख्टचे राज्यमंत्री केले. आयरिश भाषा जिथे अजून घरात बोलली जाते, त्या मुख्यतः पश्चिम किनाऱ्यावरील टापूंना गेलटाख्ट म्हणतात. आधीचे राज्यमंत्री डिनी मॅकगिन्ली हे अशाच टापूतले, आयरिश ही त्यांची मायबोली. मॅकह्यूंना ती धड बोलता येत नव्हती, आणि त्यांच्या वरच्या कॅबिनेट मंत्री हेदर हम्फ्रीज यांनाही नाही. नेमणूक करणारे केनी स्वतः मात्र ती छान बोलत!

आयरिश भाषकांचा संताप झाला, तो मला रास्त वाटतो. सरकारी कचेऱ्यांत आयरिशमधून काम होत नाही म्हणून देशाच्या भाषा आयुक्तांनी डिसेंबर २०१३ मध्येच राजीनामा जाहीर केला होता. त्या जखमेवर हे मीठ. राज्यघटनेच्या आठव्या कलमानुसार आयरिश ही पहिली राजभाषा, इंग्रजी दुसरी. व्यवहारात क्रम उलटा.

पण दोष मी नेमणाऱ्यांना देतो, मॅकह्यूंना नाही. त्यांनी काय केले? त्याच उन्हाळ्यात ते डोनेगॉलमधल्या ग्लेनकोलमकिल गावी प्रौढांसाठी चालणाऱ्या आयरिशच्या वर्गात विद्यार्थी म्हणून जाऊन बसले. पुढे सभागृहात आणि मुलाखतींत ते आयरिशमधून बोलू लागले. २०१७ मध्ये तेच खाते पुन्हा त्यांच्याकडे आले, तेव्हा भाषा येत नाही असे म्हणायला कोणाला जागा उरली नव्हती. मराठी शाळेतून येऊन कन्नड मित्रांत बोलताना क्रियापद चुकले की काय होते, ते मी रोज अनुभवतो. इथे तर सारा देश ऐकत होता.

मला अधिक महत्त्वाचे वाटते ते वेगळेच. आयरिश शाळेत पहिल्यापासून शेवटच्या वर्गापर्यंत सक्तीची आहे. तरी २०२२ च्या जनगणनेत 'आयरिश येते' म्हणणारे सुमारे १८ लाख ७४ हजार भरले, आणि शाळेबाहेर रोज बोलणारे जेमतेम ७२ हजार. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला असा ताळेबंद दाखवला तर तो आधी हिशेबनीसाला बोलावील. मॅकह्यू याच व्यवस्थेतून बाहेर पडले होते. शाळेने इतक्या वर्षांत जे दिले नाही, ते चाळिशी उलटल्यावर गरजेने आणि माणसांत बसून मिळाले. मायबोलीवाल्या मंत्र्याला हा धडा मिळणे अवघड होते.

आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये हेच गृहस्थ शिक्षणमंत्री झाले! आता शाळेतले आयरिश बोलते होईल, अशी अपेक्षा करायला हरकत नव्हती. प्रत्यक्षात २०१९ च्या ऑगस्टमध्ये त्यांच्या खात्याने आयरिश विषयातून सूट देण्याचे नियम बदलले. मानसशास्त्रज्ञाच्या तपासणीची अट गेली. वाचनलेखनाची गंभीर अडचण असलेल्या मुलांना दिलासा मिळाला, हे मान्य. पण वाट रुंद झाली की तिच्यावरून इतरही चालतात, अशी भाषेच्या संस्थांची तक्रार होती. मलाही ती पटते. मॅकह्यू काही भित्रे नव्हते. २०२२ मध्ये सदोष सिमेंट-विटांमुळे तडकलेल्या घरांच्या विधेयकावर ते मतदारसंघासाठी स्वपक्षीय सरकारविरुद्ध मत देऊन संसदीय गटाबाहेर पडले. २०२४ ची निवडणूक त्यांनी लढवली नाही. तेवढी हिंमत शिक्षणखात्यात दाखवून, सूट सोपी करण्याआधी त्यांनी ग्लेनकोलमकिलचा तो वर्ग शाळेत का आणला नाही?