पॅनेल बसलं, सेटिंग कोणी केलं?

खामगाव-मलकापूरच्या जिनिंगमध्ये कापूस ज्या काटेकोरपणे मोजला जातो, त्याच्या दहाव्या हिश्शानेही वीज मोजली जात नाही. गाडीतल्या कापसात ओलावा ८ टक्क्यांच्या वर निघाला की भाव कापायला मालक स्वतः काट्यावर येतो. त्याच मालकाच्या मीटररूममध्ये एपीएफसी पॅनेल, म्हणजे पॉवर फॅक्टर आपोआप सांभाळण्यासाठी लाखांत पैसे मोजून घेतलेली कपॅसिटर बँक, मॅन्युअलवर पडलेली असते. मी याच भागात हे काम करतो, म्हणून स्पष्ट लिहितो. पॅनेल विकायचं, दिवे लागलेले दाखवायचे, बिलाचा चेक घ्यायचा आणि रिलेत, म्हणजे कपॅसिटर कधी लावायचे-काढायचे हे ठरवणाऱ्या यंत्रात, एक आकडाही न भरता निघून जायचं, याला माझ्या भाषेत फसवणूक म्हणतात.

आधी पैशाचं बोलू. १ एप्रिल २०२० पासून राज्यातल्या उच्चदाब ग्राहकांचं बिल केव्हीएएचवर (युनिट भागिले पॉवर फॅक्टर) निघतं. पूर्वी युनिटवर बिल यायचं आणि पॉवर फॅक्टरचा दंड किंवा सवलत वेगळ्या ओळीत दिसायची. आता ती ओळ गेली आणि तोटा थेट युनिटांत मिसळला. १००० युनिट वापरले आणि पॉवर फॅक्टर ०.८ राहिला, तर पैसे १२५० चे भरायचे. वर डिमांड चार्जही केव्हीएवरच. दंडाची ओळ दिसत नाही म्हणून अकाउंटंट निवांत, आणि अकाउंटंट निवांत म्हणून मालकही निवांत.

दुसरी गोष्टही महाग पडते, आणि ती पॅनेल विकणारे सांगतच नाहीत. मीटरमध्ये लॅग (मोटरी ओढतात ती रिअ‍ॅक्टिव्ह वीज) आणि लीड (कपॅसिटर गरजेपेक्षा जास्त लागले की मोजली जाणारी) एकमेकांना खोडत नाहीत, त्यांची बेरीज होते. दिवसा ३०० आरकेव्हीएएच लॅग झाले, रात्री तेवढेच लीड झाले, तर हिशेबात शून्य धरत नाहीत, ६०० धरतात. १००० युनिटांचे मग ११६६ होतात. ‘थोडे कपॅसिटर जास्तच असू द्या, साहेब’ हा सल्ला देणारा माणूस तुमच्या खिशात हात घालतो आहे.

जिनिंगला हा फटका सगळ्यात जास्त बसतो, कारण आपला धंदा हंगामी. दसरा-दिवाळीला मशिनी सुरू होतात, उन्हाळा लागेपर्यंत बंद पडतात. पुढचे कितीतरी महिने वॉचमनची खोली, चार दिवे आणि एक पाण्याची मोटर, एवढाच लोड. ट्रान्सफॉर्मर मात्र चालूच. ५०० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर रिकामा असतानाही साधारण ५ ते १० केव्हीएआर रिअ‍ॅक्टिव्ह वीज ओढतो. तेवढाच छोटा कायमचा कपॅसिटर त्याला लावला की काम भागतं. प्रत्यक्षात एकतर काहीच नसतं, नाहीतर हंगामातला ५० केव्हीएआरचा कायम जोडलेला संच तसाच चालू राहतो आणि रात्रंदिवस लीड मोजला जातो. पॅनेलमधली सगळ्यात लहान स्टेप (एका वेळी लागणारा कपॅसिटरचा गट) २५ ची असेल, तर तो रिले बंद हंगामात काय सांभाळणार? दोन, तीन, पाच केव्हीएआरच्या स्टेप मागून घ्याव्या लागतात. त्या कोणी मागत नाही, म्हणून कोणी देत नाही.

आता सीटी, म्हणजे करंट मोजून रिलेला कळवणारा करंट ट्रान्सफॉर्मर. सगळा घोळ इथे आहे. सीटी अशा जागी हवी की मशिनींचा आणि कपॅसिटरचा, दोन्हींचा करंट तिच्यातून जाईल. ती कपॅसिटरच्या जोडणीपुढे फक्त मशिनींच्या बाजूला बसवली, तर कपॅसिटर लागले तरी रिलेला सुधारणा दिसतच नाही. तो एकेक करून सगळे लावून टाकतो. एक सीटीवाल्या साध्या रिलेत सीटी आर फेजवर असेल, तर व्होल्टेज वाय आणि बी फेजवरून द्यायचं. वायरमनने भलत्याच फेजवरून दिलं की रिलेचा कोनच चुकतो.

गुणोत्तराची चूक तर आणखी घातक, कारण ती पडद्यावर दिसत नाही. पॉवर फॅक्टर निव्वळ कोनावरून निघतो, म्हणून सीटी ४००/५ ची आणि रिलेत १०००/५ भरलेलं असलं तरी आकडा बरोबर दिसतो. किती केव्हीएआर कमी पडतात, हे मात्र अडीचपट चुकतं. खरी गरज २० ची, रिलेला वाटते ५० ची. तो २५ च्या दोन स्टेप लावतो, लीड होतो, काढतो, पुन्हा लावतो. दिवसभर कॉन्टॅक्टर ठकठकत राहतात. कपॅसिटर सुटल्यावर त्यातला चार्ज उतरायला वेळ लागतो. पुन्हा जोडण्याआधी निदान ६० सेकंद थांबायचं सेटिंग नसेल, तर तो भरलेला असतानाच परत लागतो आणि हंगाम संपण्याआधी फुगतो. मग ‘कंपनीचा माल खराब’ म्हणून नवा कपॅसिटर त्याच चुकीच्या सेटिंगवर चढतो.

नवे रिले सीटीची दिशा ओळखतात, स्टेपही मोजून घेतात, हे खरं. पण सीटी चुकीच्या जागी आहे, हे रिले सरळ सांगत नाही. ते बघायला माणूसच लागतो.

कोटेशनमधली लबाडीही ओळखा. पॅनेलवर १५० केव्हीएआर लिहिलेलं असतं, पण ते ५२५ व्होल्टवरचं. आपल्या ४१५ व्होल्टवर त्याचे ९४ उरतात. कपॅसिटरसोबत ७ टक्के रिअ‍ॅक्टर असेल तर शंभरच्या आसपास. भाव मात्र १५० चा.

छतावर सोलर बसवलेल्यांनी तर आजच तपासावं. सोलर युनिट कमी करतं, मोटरींची केव्हीएआरची भूक तशीच राहते, म्हणून महावितरणकडून येणाऱ्या विजेचा पॉवर फॅक्टर घसरतो.

मालकांनो, पुढच्या दसऱ्याआधी गेल्या वर्षभराची बिलं काढा आणि आरकेव्हीएएचचे लॅग आणि लीड हे दोन्ही रकाने स्वतः वाचा. नवं पॅनेल घेत असाल तर सीटीचं गुणोत्तर, तिची जागा, प्रत्येक स्टेपचे ४१५ व्होल्टवरचे केव्हीएआर, टार्गेट पॉवर फॅक्टर आणि पुन्हा जोडण्याआधी थांबण्याची वेळ, एवढं एका कागदावर सहीनिशी लिहून घ्या. चालू हंगामाचं एक आणि बंद काळाचं एक, अशी दोन बिलं नीट आल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका.