रानवाटा : सूट घालावा की न घालावा?

मागच्या अंकाच्या शेवटी आम्ही सहज लिहून गेलो होतो, की आता युटाच्या वाळवंटात पोहायला जातो आहोत. त्यावर चार-पाच फोन आले. "वाळवंटात पोहायला? ही छपाईची चूक तर नाही ना?" असं एका काकांनी अगदी मनापासून विचारलं. नाही काका, चूक नाही. चूक झाली ती पुढे, आणि ती आमची. तीच आज सांगायची आहे.

युटाच्या दक्षिण भागात झायन नॅशनल पार्क आहे. तिथल्या तांबूस वालुकाश्मात पाण्यानं युगानुयुगं करवत चालवून अरुंद घळी कापल्या आहेत. यांना स्लॉट कॅन्यन म्हणतात. काही ठिकाणी दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंती हाताला लागतात, आणि वर पाहिलं तर आकाशाची एक निळी नाडी तेवढी दिसते. अशा घळीत वरून शिरायचं, दोरावरून उतरायचं, डबकी पोहून पार करायची आणि खालच्या तोंडानं बाहेर पडायचं, या उद्योगाला कॅन्यनिअरिंग म्हणतात. आपल्याकडच्या मंडळींना भंडारदऱ्याजवळच्या साम्रद गावची सांधण दरी आठवेल. जात तीच.

आम्ही निवडली होती 'सबवे' नावाची घळ. लेफ्ट फोर्क नावाच्या ओढ्यानं ती कोरली आहे, आणि एका ठिकाणी तिला भुयारी रेल्वेच्या बोगद्यासारखा गोल आकार आला आहे, म्हणून हे नाव. वरून खाली सुमारे साडेनऊ मैलांची चाल. परवाना लागतो, आणि तो मागणारे इतके की सोडत काढतात. आमचं नाव निघालं तेव्हा घरात लग्न ठरल्यासारखा आनंद झाला होता.

आम्ही चौघं होतो. आम्ही दोघं, सोळा वर्षांची कन्या आणि नाशिकहून सुट्टीला आलेला आमचा भाचा. भाचेबुवा वीस वर्षांचे, सह्याद्रीतले अर्धे किल्ले पालथे घातलेले, आणि अंगावर मांस म्हणाल तर मापापुरतं. ताईनं फोनवर "त्याला नीट खाऊ घाला गं" एवढंच सांगितलं होतं.

आता प्रश्न वेटसूटचा. वेटसूट म्हणजे निओप्रीन नावाच्या फेसाळ रबराचा अंगाला घट्ट बसणारा पोशाख. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या ह्यू ब्रॅडनर या भौतिकशास्त्रज्ञानं १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला तो पाणबुड्यांसाठी बनवला. नावाप्रमाणे त्यात पाणी शिरतं, माणूस ओला होतोच. पण रबरात लाखो बारीक बुडबुडे असतात, ते अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाहीत, आणि आत शिरलेलं थोडंसं पाणी अंगाच्याच उष्णतेनं कोमट होऊन तिथेच राहतं. म्हणून तो घट्ट बसला पाहिजे. ढगळ असला की गार पाणी आत-बाहेर करतं आणि निम्मा उपयोग संपतो. घालताना मात्र ओल्या अंगावर चुडीदार चढवण्याचा प्रसंग आठवावा, आणि त्याला दहानं गुणावं.

झायनच्या वेशीवरच्या स्प्रिंगडेल गावात हे सूट भाड्यानं मिळतात. आम्ही तीन मिलिमीटर जाडीचे चार आणले. रात्री मोटेलच्या खोलीत दहीभात कालवता कालवता वाद सुरू झाला. हवामानाचा अंदाज होता १०२ अंश फॅरनहाइट, म्हणजे आपल्या हिशेबानं ३९.

"मामी, एवढ्या उन्हात हे रबर कोण वाहणार? सांधणला आम्ही टी-शर्टवर जातो. पाणी गार असतं, पण मरत नाही कोणी!"

त्याचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. पहिल्या पाण्यापर्यंत उघड्या खडकावरून दोनेक तासांची चाल आहे. तेवढ्यात सूट अंगात घातला तर माणूस उन्हानंच आडवा व्हायचा. पाठीवर वाहायचा म्हटलं तर दोर, पाणी, डबे यांच्यात आणखी एक ओझं, आणि ओला झाला की ते दुप्पट वाटतं. शिवाय भर उन्हाळ्यात सबवे सूटशिवाय करणारे लोकही आहेत. तेव्हा "घाल", "नको", "बरं, निदान घेऊन तरी चल", असं तासभर चाललं. सकाळी गाडीतून उतरताना त्यानं आपला सूट हळूच मागच्या सीटवर ठेवला. आम्ही पाहिलं, आणि गप्प बसलो.

का गप्प बसलो, याचा विचार आम्ही नंतर पुष्कळ केला. कन्या असती तर दरडावलं असतं. पण तो पाहुणा, चार वर्षांनी आलेला. त्याच्यासमोर "आमच्या अमेरिकेत असं नसतं" हे वाक्य आम्हाला उच्चारायचं नव्हतं. दुसरं म्हणजे इथे राहून आम्हालाही सवय लागली आहे, की मुलं मोठी झाली म्हणजे "तुझा निर्णय तू घे" म्हणायचं. चांगली सवय आहे. पण निर्णय घेणाऱ्याला माहिती तरी पुरती द्यायला हवी, आणि ती आम्ही दिली नव्हती.

माहिती साधी आहे. हवेपेक्षा पाणी अंगातली उष्णता सुमारे २५ पट वेगानं ओढून घेतं. बाहेर १०२ अंश असलं तरी घळीच्या तळाशी ऊन दिवसाकाठी काही मिनिटंच पोचतं, कुठे कुठे पोचतच नाही. तिथलं डबकं फ्रिजमधल्या माठासारखं. आम्ही थर्मामीटर नेला होता, त्यात ५२ आलं, म्हणजे ११ सेल्सियस. सांधणमध्ये आमचे भाचेबुवा कमरेइतक्या पाण्यातून पाच मिनिटांत पार होऊन पुन्हा उन्हात येत. इथे गळ्यापर्यंत पाणी, एकामागून एक डबकी आणि मध्ये ऊन नाही. फरक गारव्याचा नाही, वेळेचा आहे.

पहिल्या मोठ्या धोंड्यावरून दोरानं उतरलो आणि दोर ओढून घेतला. एकदा दोर ओढला की परतीची वाट बंद, पुढेच जावं लागतं. आम्ही तिघांनी झटापट करून सूट चढवले. भाच्यानं सुती टी-शर्टवरच सूर मारला, आणि पलीकडे जाऊन "काय मामा, झालं की!" म्हणून हात हलवला. दुसऱ्या डबक्यानंतर तो हसला नाही. तिसऱ्यानंतर बोलला नाही.

पुढे एका अरुंद उतारावर आमच्या आधीचा एक गट एकेक करून उतरत होता. सावलीत ओल्या अंगानं थांबावं लागलं. पाच मिनिटं म्हणता म्हणता पंचवीस झाली. घळीतून वारा वाहत होता. आमचा नंबर आला तेव्हा भाच्याला कॅराबिनरचा, म्हणजे दोर अडकवायच्या कडीचा, स्क्रू फिरवता येईना. बोटं ऐकत नव्हती. कन्या म्हणाली, "दादा, मी करून देऊ?" तर म्हणाला, "नको, मी इथेच बसतो. तुम्ही जा." आवाज जड, दारू प्यायल्यासारखा.

आमच्या पोटात गोळा आला. अंगाचं आतलं तापमान ९५ अंशांच्या, म्हणजे ३५ सेल्सियसच्या, खाली उतरू लागलं की हातांचं कसब जातं, पाय अडखळतात, जीभ जड होते, आणि सगळ्यात वाईट म्हणजे माणसाला कसलीच पर्वा वाटेनाशी होते. थंडी वाजणाराच सांगत नाही की मला थंडी वाजते आहे. इतरांनी ओळखावं लागतं.

नशीब एवढंच, की पाणी न शिरणाऱ्या पिशवीत आम्ही एक कोरडा फ्लीसचा कोट, लोकरीची टोपी आणि आल्याच्या चहाचा थर्मास ठेवला होता. त्याचा ओला टी-शर्ट आधी काढला. सुती कापड पाणी धरून ठेवतं आणि वाळता वाळता अंगातली ऊब नेतं. कोट-टोपी चढवली, चहा घोटघोट पाजला, शेंगदाण्याची चिक्की चारली, आणि आम्ही तिघं त्याला चिकटून बसलो. थोडं मागे भिंतीवर उन्हाचा एक पट्टा उतरला होता, तिथे त्याला नेऊन उभं केलं. अर्ध्या तासानं तो पुन्हा कुडकुडू लागला आणि बोलायला लागला. पहिलं वाक्य होतं, "आईला सांगू नका."

पुढची डबकी बाकी होतीच. तेव्हा आमच्या जोडीपैकी ज्याच्यावर साजूक तुपाची कृपा अधिक, त्यानं आपला सूट काढून भाच्याला दिला. ढगळ झाला, पण काहीच नसण्यापेक्षा बरा. सूट देणारा उरलेली डबकी पॉलिएस्टरच्या शर्टावर, रामनाम घेत पार करून आला. त्या बोगद्यासारख्या भागात पोचलो तेव्हा तिथल्या हिरव्या-निळ्या डोहांचे फोटो काढायची शुद्ध कोणाला नव्हती. बाहेर पडायला शेवटी चारेकशे फुटांचा खडा चढ, भर उन्हात. तिथे मात्र सूट काढून पिशवीत भरले, आणि तासापूर्वी गारठलेला मुलगा "पाणी आहे का?" म्हणून घामाघूम होऊन विचारू लागला. वाळवंट ते असं.

मग सूट नेहमीच घालायचा का? तसंही नाही. झायनमधल्याच 'नॅरोज'मध्ये भर उन्हाळ्यात खालून वर थोडं अंतर व्हर्जिन नदीतून चालत जाऊन परत यायचं असेल तर चांगले बूट आणि काठी पुरे. वसंतात बर्फ वितळून नदी फुगते तेव्हा गोष्ट वेगळी. कोरड्या घळीत तर रबर घालणं म्हणजे उन्हाचा झटका विकत घेणं. उलट 'कीहोल' नावाची घळ अगदी छोटी, पण तिथलं पाणी ऐन उन्हाळ्यातही इतकं गार की जाणकार सूटशिवाय जात नाहीत. तेव्हा आम्ही आता हवेचा अंदाज पाहून ठरवत नाही, पाण्याला विचारून ठरवतो. चालायचं आहे की पोहायचं? मध्ये ऊन मिळणार का? पुढे गर्दी असली तर थांबावं लागेल का? दोर ओढल्यावर परत फिरता येईल का? आणि आपल्यातलं सगळ्यात किडकिडीत कोण? निर्णय त्याच्या अंगाकडे पाहून करायचा, आपल्या नव्हे. लहान मुलं तर मोठ्यांपेक्षा फारच लवकर गारठतात. शंका असली तर सूट पाठीवर न्यायचा आणि पाण्याच्या काठी घालायचा. गाडीत राहिलेला सूट कोणाला ऊब देत नाही.

एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवावी. सूट गारठ्यापासून वाचवतो, पुरापासून नाही. १२ ऑगस्ट १९९७ रोजी अॅरिझोनातल्या अँटिलोप कॅन्यनमध्ये ११ जण वाहून गेले. पाऊस पडला होता तो कित्येक मैल दूर. १४ सप्टेंबर २०१५ रोजी झायनच्या त्याच कीहोलमध्ये ७ जण गेले. जुलै ते सप्टेंबर हा तिकडचा वादळी पावसाचा काळ. म्हणून आम्ही जून निवडला होता. तेवढं शहाणपण होतं, बाकीचं तिथे शिकलो.

त्या रात्री मोटेलमधून ताईला फोन लावला. सांगावं की नाही यावर आम्हा दोघांचं एकमत होईना. तेवढ्यात भाच्यानंच फोन हातातून घेतला. "आई, मामी सूट घाल म्हणत होती, मी ऐकलं नाही. गारठलो. आता बरा आहे." पलीकडे थोडा वेळ शांतता. मग ताईनं फोन आम्हाला द्यायला सांगितला. आम्ही श्वास रोखला.

"वीस वर्षांचा झाला तरी अजून थोडा लहानच आहे गं तो," ताई म्हणाली. "पुढच्या वेळी पाहुणा समजू नकोस. कान धर."

धरू. पुढच्या अंकात आपण जरा उबदार ठिकाणी जाऊ. तोपर्यंत आपापल्या भाच्या-पुतण्यांचे कान सांभाळा.