ताल तुमचा नाही, ब्लूटूथचा चुकतोय

होळी जवळ आली की दारव्हा-दिग्रस भागातल्या तांड्यांवर लेंगीचे सूर घुमायला लागतात. आता लेंगी मोबाइलवर रेकॉर्ड होऊन यूट्यूबवरही जाते. खंजिरीवरची भजनं, कॉलेजातल्या पोरांचं वऱ्हाडी रॅप, सगळ्यांचा स्टुडिओ एकच: घरातली मागची खोली. पंखा बंद, दार बंद आणि कानात वायरलेस इअरबड्स. घोळ इथेच होतो.

गाणारा ट्रॅक ऐकत गातो. प्ले करून बघतो तर आवाज तालाच्या मागे. पुन्हा टेक, पुन्हा मागे. मग मित्र म्हणतात, "भाऊ, तुह्या तालातच गडबड हाय." आणि एखादा चांगला गळा तिथेच गप्प होतो. मला राग येतो तो याचा. कारण बऱ्याचदा गडबड गळ्यात नसते, कानात असते.

ब्लूटूथवरून जाणारा आवाज आधी दाबून लहान केला जातो, मग तुकड्यातुकड्यांनी पाठवला जातो, हेडफोनमध्ये थोडा साठवला जातो आणि शेवटी उलगडून कानात सोडला जातो. साध्या ब्लूटूथवर या उठाठेवीला साधारण 150 ते 250 मिलिसेकंद लागतात. ऐकायला किरकोळ वाटतं ना? पण हवेतून आवाज सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो. म्हणजे 200 मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे तुमचा तबलजी जवळपास 70 मीटरवर, शेताच्या दुसऱ्या धुऱ्यावर बसलाय! मिनिटाला 120 मात्रांच्या लयीत एक मात्रा 500 मिलिसेकंदांची असते. त्यातले 200 असे गेल्यावर काय धरून गाणार? आपली शकुंतला रेल्वे उशिरा आली तरी लोक सांभाळून घ्यायचे. समेचं तसं नसतं.

त्यात स्वतःचाच आवाज इतक्या उशिरा कानात आला, तर नीट बोलतानाही माणूस अडखळतो. गाणं तर दूरच.

सिनेमा बघताना हे कळत नाही, कारण प्लेअर चित्रच तेवढं मागे ठेवतो. गाणाऱ्याचं तोंड मागे ठेवता येत नाही.

मग डब्यावर 'लो लेटन्सी', 'गेमिंग मोड' लिहिलेलं असतं त्याचं काय? ते अगदीच खोटं नाही, पण अर्धं आहे. ॲपटीएक्स लो लेटन्सी हे कोडेक उशीर सुमारे 40 मिलिसेकंदांपर्यंत आणतं, पण ते फोन आणि हेडफोन दोन्हीकडे हवं. एकीकडे नसलं तर जोडणी गुपचूप साध्या कोडेकवर येते, आणि तसं कुणी सांगतही नाही. आयफोनमध्ये तर ॲपटीएक्स नाहीच. नव्या एलई ऑडिओलाही हीच दोन्हीकडची अट आहे. वर बड्सचाच माइक वापरला, तर आवाज फोन कॉलसारखा चपटा होतो. यूएसबी डोंगलवर चालणारे 2.4 गिगाहर्ट्झचे गेमिंग हेडफोन खूपच जलद असतात. लॅपटॉपवर कीबोर्डचा सराव करायला चालतील, पण महाग पडतात.

म्हणून माझं मत: घरी रेकॉर्डिंग करायचं असेल, तर लो लेटन्सी वायरलेस शोधत बसू नका. वायरचा हेडफोन घ्या. दोन-तीनशे रुपयांचा साधा असला तरी तालाच्या बाबतीत तो महागड्या बड्सच्या पुढे असतो. कान पूर्ण झाकणारा मिळाला तर अजून बरं, ट्रॅकचा आवाज माइकमध्ये कमी शिरतो.

पण वायर वापरणारा म्हणजे मागासलेला, असं आपल्या डोक्यात कुणी भरलं? 2016 मध्ये ॲपलने आयफोन 7 मधून हेडफोनचं भोक काढलं, मग इतर कंपन्याही त्याच वाटेने गेल्या. त्यांचे बड्स खपले. आणि ज्याच्याकडे मोबाइल हाच माइक, टेप आणि मिक्सर आहे, त्याला आता टाइप-सीचा वेगळा ॲडॉप्टर शोधत फिरावं लागतं. भोक असलेले फोन अजून मिळतात. गाणाऱ्याने नवीन फोन घेताना कॅमेऱ्याच्या आधी ते बघावं.

आणि बड्सशिवाय काहीच हाताशी नसेल, तर एक कान मोकळा ठेवा, म्हणजे स्वतःचा आवाज थेट ऐकू येईल. ॲपमधलं मॉनिटरिंग बंद करा. ट्रॅकच्या सुरुवातीला चार टिचक्यांचा क्लिक ठेवा आणि त्याच्यावर टाळ्या वाजवा. नंतर एडिटिंगमध्ये तुमची टाळी क्लिकशी जुळेपर्यंत गाण्याची पट्टी डावीकडे सरकवा.