इंटर्नला गोठ्यात धाडा

माझी भाची यंदाच्या उन्हाळ्यात एका पशुखाद्य कंपनीत मार्केटिंग आणि कम्युनिकेशनची इंटर्नशिप करत होती. घरात तिची चौकशी व्हायची ती 'पेंड विकायला गेलीय का पोरगी?' अशी. एमबीएच्या मुलांनी बँकेत जावं, साबणाच्या कंपनीत जावं, ही आमच्याकडची समजूत. पोत्याला जाहिरात कशाला लागते, असा तिच्या आजीचा सवाल होता, आणि पुढचं वाक्य त्याहून खमंग: 'त्या जाहिरातीचे पैसे पोत्यातच धरत असतील ना?'

धरतातच. या विषयातलं सगळ्यात शहाणं वाक्य आजी बोलून गेली.

सुरुवातीला पोरीला पुण्याच्या ऑफिसात बसवलं. रील्सचे मथळे सुचव, पत्रकाचा मजकूर नीट कर, व्हॉट्सॲपवर सणावाराच्या शुभेच्छा पाठव. पत्रकावरची गाय हिरव्यागार कुरणात उभी, अंगावर शेणाचा ठिपका नाही, मागे डोंगर. नगर-सोलापूरकडे मे महिन्यात एवढं हिरवं फक्त पत्र्यावर मारलेल्या ऑइलपेंटमध्ये दिसतं. शेवटी एका विभागीय अधिकाऱ्याला तिची दया आली आणि त्यानं तिला गाडीत घातलं. मीही हौसेनं सोबत गेलो.

घोडेगावचा शुक्रवारचा बाजार. गाई-म्हशींचा हा बाजार आपल्याकडे नावाजलेला. गाय घेणारा माणूस पत्रक वाचत नाही, गाय वाचतो. ओठ वर करून दात बघतो. दोन दाती, चार दाती की जुळलेली, यावरून वय कळतं. मग खाली वाकतो, कासेला हात घालतो, चारी सड पिळून धार सरळ येते का, कुठे गाठ लागते का ते पाहतो. विकणारा तोवर सांगत असतो, 'दुसऱ्या वेताची आहे, गरीब आहे, लहान पोरगंबी पिळील.' भाव मात्र तोंडानं नाही. व्यापाऱ्यानं रुमाल टाकला, दोघांचे हात रुमालाखाली गेले, बोटं दाबली गेली, एकानं मान हलवली. आजूबाजूला पन्नास माणसं उभी असली तरी आकडा दोघांतच. मार्केटिंग इथंही आहेच. आदल्या संध्याकाळपासून गाय न पिळता आणायची, म्हणजे कास तुंबून मोठी दिसते. गाईचे हाल होतात ते वेगळंच. घेणाऱ्यालाही ही युक्ती ठाऊक असते, म्हणून तो कासेच्या आकाराला भुलत नाही, हात लावून बघतो. जाहिरातीवर कितपत विसंबायचं, हे या धंद्यातल्या गिऱ्हाइकाला कुणी शिकवायला नको.

दुसऱ्या दिवशी पहाटे एका गावातलं दूध संकलन केंद्र. किटल्यांची रांग, मशीनवर फॅट आणि एसएनएफ, हातात चिठ्ठी. पशुखाद्याचा खरा विक्रेता कोण, हे तिला इथं समजलं. ज्या केंद्रावर दूध घालायचं त्याच केंद्रातून पोतं उचलायचं आणि दहा दिवसांच्या बिलातून पैसे कापून घ्यायचे, ही अनेक गावांतली रीत. म्हणजे पोतं कुठल्या कंपनीचं, हे बरेचदा केंद्र चालवणारा ठरवतो. रील लाखांनी पाहिलं तरी गोठ्यात पोतं त्याच्याच पसंतीचं जातं.

आणि केंद्रावर गडीमाणसं जास्त दिसली तरी गोठ्यात दिसते ती बाई. वैरण टाकणं, शेण काढणं, धार काढणं, गाय माजावर आली हे सगळ्यांआधी ओळखणं, सगळं तिच्याकडे. कंपनीचा शेतकरी मेळावा मात्र सकाळी अकराला, फेटे बांधून, पुरुषांसाठी. त्याच गावात एकीच्या गोठ्यात आम्ही गेलो. भाचीनं पत्रक पुढं केलं. बाईनं ते उलटंपालटं पाहिलं आणि विचारलं, 'माझ्या गाईचा एक सड दगडी झालाय. ह्यात त्याचं काय लिहिलंय?'

त्याचं काही लिहिलेलं नव्हतं. होतं ते 'समृद्धीचा विश्वास' वगैरे.

उत्तर सोबतच्या पशुवैद्यकानं दिलं, आणि ते फार साधं होतं. धार काढली की सडाचं तोंड काही वेळ उघडं राहतं. गाय लगेच शेणामुतात बसली की जंतू आत जातात आणि कासदाह होतो. म्हणून धार काढल्यावर गाईपुढे वैरण टाकायची, ती खात अर्धा तास उभी राहिली पाहिजे. सड जंतुनाशकात बुडवायचे. पहिल्या दोन-चार धारा काळ्या वाटीत काढून पाहायच्या, गुठळ्या दिसल्या की डॉक्टरला बोलवायचं. बाईनं लक्ष देऊन ऐकलं, शेजारणीला हाक मारून बोलावलं. आणि वैरणीबरोबर आंबोण कुठलं घालता, हा विषय तिनंच काढला. भाचीच्या सगळ्या उन्हाळ्यातलं हे एकमेव मार्केटिंग, असं माझं प्रामाणिक मत.

हे काही नवं नाही. 1976 साली 'मंथन' हा चित्रपट आला. पटकथा आपल्या विजय तेंडुलकरांची, दिग्दर्शन श्याम बेनेगलांचं, आणि निर्माते गुजरातचे पाच लाख दूध उत्पादक, प्रत्येकी 2 रुपये देऊन. पुढे अमूलच्या वर्गीस कुरियन यांनी 16 एमएमच्या प्रती गावोगाव फिरवल्या तेव्हा त्यांच्यासोबत पशुवैद्यक, दूध तंत्रज्ञ आणि चाऱ्याचा जाणकारही पाठवला. पडद्यावरचं संपलं की प्रश्न विचारायला माणूस हजर. आपण अमूलच्या जाहिरातीतल्या मुलीचं कौतुक करतो, ती 1966 पासूनची, आणि कौतुक रास्तच आहे. पण ती मुलगी शहरातल्या गिऱ्हाइकाशी बोलते. 'मंथन' गोठ्याशी बोलला.

आता आजीचा पैशांचा मुद्दा. अमेरिकेत पशुउद्योग म्हणजे मुख्यतः मांस. तिथं 1986 पासून जनावर विकलं गेलं की दर नगामागे एक डॉलर प्रसिद्धी आणि संशोधनासाठी कापतात. 1992 ची 'बीफ, इट्स व्हॉट्स फॉर डिनर' ही गाजलेली मोहीम त्याच पैशांतली, आवाज रॉबर्ट मिचमचा. पैसे कापले जातात ते डोळ्यांना दिसतं, म्हणून पशुपालक हिशेबही मागतो. काही जण तर कोर्टात गेले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं. 2005 मध्ये ते हरले, पण भांडले. आपल्याकडे कपात पोत्याच्या भावात मिसळलेली असते. भांडणार कुणाशी?

गरज पडते तेव्हा मात्र या धंद्यात संवादाइतकं मोलाचं काही नसतं. 2022 मध्ये गुरांमध्ये लम्पी हा त्वचारोग आला. जनावरांचे बाजार बंद, वाहतूक बंद, आणि मोबाईलवर अफवा, की दूध पिऊ नका, माणसालाही होतो. रोग पसरत होता माश्या, डास, गोचिडांमार्फत. माणसाला तो होत नाही, हे पशुसंवर्धन खात्याला पुन्हा पुन्हा सांगावं लागलं. त्यात गाईला टोचायची ती शेळ्यांच्या देवीवरची लस. 'शेळीची लस गाईला कशी चालंल?' हा प्रश्न विचारणारा अडाणी नव्हता, त्याला कुणी नीट सांगितलेलं नव्हतं. पुढे 2024 मध्ये दुधाला लिटरमागे 5 रुपये अनुदान आलं, तेव्हा ते मिळवायला जनावराच्या कानात बारा अंकी बिल्ला असणं आणि त्याची नोंद असणं भाग होतं. बिल्ला कुठं मारून घ्यायचा, नोंद कुठं करायची, हे समजावणारा माणूस त्या महिन्यांत फेट्यांच्या मेळाव्यापेक्षा कितीतरी उपयोगी पडला असता.

कंपन्यांना माझी एक विनंती आहे. पत्रकाच्या मागची बाजू कोरी सोडता, तिथं कासदाह, माज, गोचीड, मूरघास यांपैकी एका गोष्टीची चार ओळींत माहिती छापा. पैसे गोठ्यातल्या बाईचेच आहेत. मेळावा संध्याकाळच्या धारेआधी, तिला जमेल अशा वेळी ठेवा. आणि ज्या मुलामुलींना या क्षेत्रात इंटर्नशिप करायची आहे, त्यांनी लॅपटॉप कोण देणार हे विचारण्याआधी दोन गोष्टी विचारून घ्याव्यात: गावात किती दिवस पाठवणार, आणि गाडीभाडं कोण देणार. भाचीचं अजून मिळालेलं नाही.